थंड पायाची

सोमवारी सकाळी मी आबीलियोच्या बेकरीत रांगेत उभी होते. नेहमीसारखे चार पाव घ्यायचे, घरी जाऊन कॉफी टाकायची आणि मशीनवर बसायचं, एवढाच माझा बेत. आबीलियोने पाव कागदात गुंडाळले, कागदाची टोकं दुमडली, पण पुडी पुढे केली नाही. एखाद्याच्या आजाराबद्दल विचारावं तशा हळू आवाजात तो म्हणाला, "दोना झेनाइदे, खरं सांगा. काल बघितलीत ना?" रांगेतली कुजबुज थांबली. मी म्हटलं, नाही बघितली. तो नुसता "हं" म्हणाला आणि पुडी दिली. माझ्या मागे उभी असलेली बाई, जिच्या मुलीचा लग्नाचा झगा मी शिवला होता, ती अर्धं पाऊल मागे सरकली. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. मी बाहेर पडले, औषधाच्या दुकानापर्यंत आले, आणि तिथल्या वळणावर ऊन ऊन पुडी छातीशी धरून उभीच राहिले. कारण मी खरंच बघितली नव्हती. आदल्या दिवशी, रविवारी, साओ पावलोत आमच्या फुटबॉल संघाची, दोन मॅचच्या फायनलमधली पहिली मॅच चालू असताना मी बाथरूमच्या दारामागे स्टुलावर बसले होते, दोन्ही नळ सोडून, कानात कापूस घालून, डोक्यावर टॉवेल घेऊन. पूर्ण मॅच, वर वाढीव वेळ, आणि खबरदारी म्हणून आणखी दहा मिनिटं. पायाला मुंग्या आल्या होत्या. आणि आमचं उनियाओ दोन शून्यने हरून आलं. मी पाहिलं नाही, तरी हरलो. हे वाक्य माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता खरं तर. पण मला भीतीच वाटली. माझ्यामुळे नसेल, तर मग गेली पंचेचाळीस वर्षं मी त्या दारामागे काय करत होते?

आमच्या शहरात संघ हरला की खेळाडूंकडे कोणी फारसं बघत नाही. कोण आलं होतं ते बघतात. पे-फ्रिओ, थंड पायाचा माणूस, ज्याच्या नुसत्या पायगुणाने मैदान गार पडतं, असा एक तरी प्रत्येक घरात असतो. दूध न पचणारा एक तरी असतो ना, तसाच. आमच्या घरातली मी. मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला आणि ओतासीलियोला स्टेडियमवर नेलं. ओतासीलियो माझा थोरला भाऊ, तेव्हा बारा वर्षांचा. राज्याच्या स्पर्धेची सेमीफायनल होती, जूनचा महिना, हाडं गारठवणारी थंडी, आणि आम्ही उघड्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलो होतो. बाबांच्या शर्टाला गिरणीतल्या तेलाचा वास यायचा. कागदाच्या पुडीतले भाजलेले शेंगदाणे त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले होते. आम्ही एक शून्यने पुढे होतो, दोन मिनिटं उरली होती. आता शिट्टी होईपर्यंत एक ठरावीक शब्द आमच्याकडे तोंडातून काढायचा नसतो. तान्ह्या पोराला कळतं, पाद्रीबाबालाही कळतं. आणि आमच्या रांगेतून एक बारीक, किनरा आवाज आला, "जिंकलो!" पुढची सगळी माणसं वळली. बाबाही वळले. ओतासीलियोने माझ्याकडे बोट केलं. मला त्यातलं एवढंच आठवतं की माझ्या तोंडात शेंगदाणे होते आणि इतक्या टोप्या एकदम माझ्याकडे वळलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी म्हटलं असेल का? सगळेच म्हणतायत तर म्हटलं असेल. पुढच्या दोन मिनिटांत दोन गोल खाल्ले आम्ही. बाबा मला हाताला धरून घरी घेऊन आले. आल्यावर त्यांनी माझे बूट काढले, पावलं दोन्ही हातांत धरली आणि आईला म्हणाले, "हिचे पाय खरंच गार पडलेत गं." त्यांना काळजी वाटली होती, बाकी काही नाही. पण ओतासीलियो दारात उभा होता आणि त्याने तो निकाल समजून गल्लीभर नेला.

बाबांनी मला परत नेलं नाही. रागावलेही नाहीत, तेच वाईट. रविवारी टोपी चढवायचे, ओतासीलियोला हाक मारायचे, आणि जाताना माझ्या केसांवरून हात फिरवायचे, आजारी मुलीच्या केसांवरून फिरवावा तसा. मग नियम वाढत गेले. आधी फक्त स्टेडियमवर जायचं नाही. मग टीव्हीवर बघायची नाही. एकदा मी भांडी घासताना शेजारच्या रेडिओवरून गोल ऐकला आणि तो रेफ्रीने रद्द केला, तेव्हापासून रेडिओही बंद. तरी फटाक्यांचं काय करणार? या गावात गोल झाला की बाण सुटतात, आपला झाला तर नदीकाठून, समोरच्याचा झाला तर आमच्यावर जळणाऱ्यांच्या वस्तीतून, टेकडीवरून. आवाज कुठून आला यावरून मला स्कोअर कळायचा. त्यावरही ओतासीलियोने विचार केला आणि निकाल दिला की फटाके चालतील, ते सगळ्यांचे असतात. मी लग्न केलं, नवरा पाच वर्षांत गेला, शिलाई मशीन तेवढं राहिलं, पण रविवार काही बदलला नाही. आणि खोटं कशाला बोलू, मी नुसती सोसत नव्हते. मला त्यात एक मोठेपणाही वाटायचा. अकरा धडधाकट पुरुष तिकडे घाम गाळतायत आणि त्यांचं नशीब माझ्या मिटलेल्या पापण्यांखाली आहे, असं मनात यायचं. आम्ही जिंकलो की मी बाथरूममधून बाहेर येऊन आरशात स्वतःकडे बघायचे. शाबास, झेनाइदे. कोणी म्हणायचं नाही, म्हणून मीच म्हणायचे. आता त्या सोमवारी, औषधाच्या दुकानापाशी, ती शाबासकीही फुकटची होती की काय असं वाटून माझे गाल तापले.

मंगळवारी ल्युसिमारा आली. ओतासीलियोची मुलगी, तिशीची, क्लबची सभासद, बापासारखीच वेडी पण बापासारखी भित्री नाही. तिच्या शेजारची सीट तिच्या नवऱ्याची, आणि त्याची रविवारी ड्यूटी लागली होती. माझ्या खोलीत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, कारण स्टँडवर पसरतात तो भलामोठा झेंडा दुरुस्तीला माझ्याकडे टाकला होता. कडा उसवल्या होत्या. मी तो तुकड्यातुकड्याने मशीनखालून सरकवत होते, हिरवा, मग पांढरा, मग पुन्हा हिरवा, पण तो सगळा उघडल्यावर कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. ल्युसिमारा त्या कापडाच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, आत्या, चल माझ्याबरोबर. मी हसले. मग तिला बेकरीतली गोष्ट सांगितली. तिने झेंड्याची उसवलेली कड बोटांत धरली. मग म्हणाली, "न बघताच खापर तुझ्या डोक्यावर फोडतात, तर बघून तरी घे." मी मशीन चालू केलं, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. मला जायचं होतं. फार जायचं होतं. आणि त्याच वेळी दुसरं मन मला सांगत होतं, जाशील आणि हरलो, तर या गावात तुला पाव मिळायचा नाही. दोन गोलांची पिछाडी होती. दोन फेडले तर पेनल्टी, तीन केले तर सरळ कप, एक जरी कमी पडला तर सगळ्या गावाला एकच नाव घ्यायचं होतं. उनियाओ कपच्या फायनलला पहिल्यांदाच पोचलं होतं, पुन्हा कधी पोचेल कोण जाणे. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तिच्या कामगारांनी काढलेला हा संघ, तेवढाच एक तिच्या नावाचा आमच्याकडे उरला आहे.

रविवारी दुपारी ओतासीलियोकडे जेवायला होतो. भेंडी घातलेली कोंबडी होती, ती त्याला धड गिळवत नव्हती. जेवण झाल्यावर त्याने खिशातून बसचं तिकीट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. चुलतबहिणीकडे, पलीकडच्या गावी, दोनची बस, सोमवारी सकाळी परत. "तिथे लाइट पण सारखे जातात," तो मला समजावत म्हणाला, म्हणजे टीव्हीचा प्रश्न नाही. त्याला माझी कीव येत होती आणि लाजही वाटत होती, हे मला दिसत होतं. तरी तो मला स्वतः बसस्टँडवर घेऊन गेला, खिडकीची सीट मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि बस हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि मला गावाबाहेर सोडून येत होते. आधी मी रडले थोडी. मग बस वळणावर आली आणि मला राग आला, चांगला सणसणीत, टाचेपासून वर चढत गेलेला. पेट्रोल पंपापाशी मी उठले. ड्रायव्हर म्हणाला, काही विसरलात का बाई? मी म्हटलं, हो, फार दिवसांपूर्वी. त्याने दार उघडलं. ल्युसिमाराला फोन केला तर ती तिच्या मोटारसायकलवर अशी आली, जणू आधीच वाटेत होती. तिने मला टोपी आणि काळा चष्मा दिला. तिच्या मागे बसून मी शहरात परत शिरले तेव्हा रस्त्यावरची सगळी माणसं एकाच दिशेने चालत होती आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मीही त्याच दिशेने चालले होते.

सिमेंट तेच होतं. बाकी सगळं नवं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जाळ्या, मोठा स्क्रीन, पण पावलाखालचं सिमेंट मी ओळखलं. ओतासीलियो खाली कठड्याशी त्याच्या जुन्या मंडळींत होता, आम्ही आठ रांगा वर. मी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. आणि मग काही कळायच्या आत आमच्यावर झेंडा आला. वरून घरंगळत, डोक्यांवरून, वर केलेल्या हातांवरून तो खाली पसरत गेला आणि आम्ही सगळे त्याच्याखाली गेलो. आत हिरवा उजेड होता. घाम, बिअर, संत्र्याची सालं, सगळ्याचा एक वास. बाहेर पन्नास हजारांची नुसती गाज, आणि माझ्या नाकासमोर माझीच दुहेरी शिवण. ती ताणली गेली, पण उसवली नाही. मला वेड्यासारखं हसू आलं. काहीही झालं तरी, मी मनात म्हटलं, ही शिवण माझी आहे आणि ही टिकली. मग झेंडा मागे खेचला गेला, लख्ख ऊन पडलं आणि समोर मैदान होतं. टीव्हीवर नाही, आठवणीत नाही. ते माझ्या आठवणीपेक्षा लहान होतं आणि फार हिरवं होतं.

पहिला अर्धा भाग मी कसा काढला ते सांगता येणार नाही. आमच्या पोरांनी चेंडू दोनदा खांबावर मारला. एकदा तर गोलकीपर पडलेला, जाळं उघडं, आणि आमचा नऊ नंबर आभाळात मारून बसला. दर वेळी मला वाटायचं, चेंडू सुटला होता सरळ, मी बघितलं म्हणून वळला. मी डोळे मिटून बघितले. डोळे मिटले तेव्हाही गेला नाही. मग उघडे ठेवले. समोरच्या रांगेतला एक जाडा माणूस मान चोळत म्हणाला की आज इथे कोणीतरी थंड पायाचं येऊन बसलंय नक्की. तो कोणाला उद्देशून म्हणाला नव्हता, असं सगळेच म्हणतात, प्रत्येक मॅचला म्हणतात, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी खुर्चीत आणखी खाली सरकले. मध्यांतरात शून्य शून्य होतं. ल्युसिमारा काहीतरी खायला आणायला गेली, आणि मी उठून जिन्याच्या दिशेने चालायला लागले. ठरवून नाही. माझ्या पायांना तीच सवय होती. कमानीपाशी पोचले, बोगद्यातला गार वारा लागला, बाहेरचा रस्ता दिसला, रिकामा, उन्हाचा. दारावरचा माणूस म्हणाला, एकदा बाहेर गेलात की परत आत नाही. मी तिथे उभी राहिले. मागे दुसरा भाग सुरू झाल्याची शिट्टी वाजली. मी स्वतःला म्हणाले, जा, अजून वेळ आहे, पेनल्टीसुद्धा नाही, तीन गोल होतील तू गेलीस की. आणि मग वाटलं, होतील, आणि मी पुन्हा रिकाम्या रस्त्यावर उभी राहून कान लावीन, बाण नदीकाठून आला की टेकडीवरून. नको. हरायचं असेल तर माझ्या डोळ्यांदेखत हरा. मी वळले, दोन पायऱ्या चढले, आणि कमानीतून मैदान दिसायला लागलं तेवढ्यात कॉर्नर आला. आमच्या उंच डिफेंडरने सगळ्यांच्या वर उडी घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मी तो पूर्ण पाहिला. हातभर उडालेला घामसुद्धा पाहिला. पंचेचाळीस वर्षांत पाहिलेला पहिला गोल.

मी धावत आमच्या रांगेच्या टोकाशी, पायऱ्यांवर आले, कोणीतरी मला मिठी मारली, टोपी उडाली, चष्मा कुठे गेला ते आजतागायत माहीत नाही. आणि त्या दंग्यात ओतासीलियो, कोणाला तरी मिठी मारायला म्हणून मागे वळलेला, त्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. हात पसरलेले तसेच राहिले. मग तो चढायला लागला, पायऱ्या पायऱ्या, लोकांना बाजूला सारत. मी हललेच नाही. माझा एक पाय वरच्या पायरीवर होता, एक खालच्या.

"तू बसमध्ये होतीस," तो म्हणाला.

"उतरले."

"कधीपासून आहेस इथे?"

"झेंड्यापासून."

त्याने मैदानाकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या आकड्याकडे, मग माझ्याकडे. त्याच्या डोक्यात सगळी गणितं उलटीपालटी होत होती, ओठ हलत होते. "गोल पाहिलास?" "पाहिला. डोक्याने मारला." त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता ओढत बाहेर नेणार, आणि मी दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरला. पण तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "हलू नकोस. जशी उभी आहेस तशीच राहा. हा पाय वर, तो खाली. अजिबात हलू नकोस, नाइदे."

आता बघा, हा असा माणूस. गोल होण्याआधी मी दिसले असते तर याने मला उचलून बाहेर ठेवलं असतं. गोल झाला तेव्हा मी हजर होते, म्हणून आता मी जागची हलता कामा नये. सकाळी थंड, संध्याकाळी गरम, आणि पाय कोणाचे याचा कोणी विचारच करत नव्हता. ल्युसिमारा परत आली, तिने तिच्या बापाला माझं मनगट धरून उभं असलेलं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. बातमी रांगेत पसरली. तो मघाचा जाडा माणूस वळून मला म्हणाला, काकू, पाणी हवंय का, पण तसंच उभ्या उभ्या प्या. मी हसले नाही. मला काहीतरी वेगळंच सुचलं होतं. मी हळूच वरचा पाय खाली घेतला. कोणाचं लक्ष नव्हतं. त्या क्षणी समोरच्यांचा एक जण एकटा सुटला होता, गोलकीपरच्या समोर. मी मनात म्हटलं, संपलं, मी केलं. गोलकीपरने चेंडू पोटाशी कवटाळला. काहीच झालं नाही. मी पाय बदलला, खालचा वर, वरचा खाली. मैदानावर थ्रो-इन झाला, कोणीतरी पडलं, कोणीतरी उठलं. मग मी दोन्ही पाय जोडून उभी राहिले, मग टाचांवर, मग बूट काढून. मी काय काय केलं ते देव जाणे, आणि खेळ आपला चालला होता, माझ्या पायांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बाबांच्या त्या दोन हातांनंतर माझी पावलं पहिल्यांदा माझ्याकडे परत आली. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या नऊ नंबरने, ज्याने मघाशी आभाळात मारला होता त्यानेच, गर्दीतून गुडघ्याने दुसरा गोल लोटला, तेव्हा मी अनवाणी होते, आणि ओतासीलियो मला मिठी मारून रडत म्हणत होता, बरं झालं हलली नाहीस.

शिट्टी झाली. दोन शून्य, दोन्ही मॅच मिळून बरोबरी, आता पेनल्टी. त्या पाच मिनिटांत आमच्या रांगेत जे नवस बोलले गेले त्यांनी एक देऊळ उभं राहिलं असतं. एकाने सिगारेट सोडली. एकाने अपारेसिदा मातेच्या देवळापर्यंत पायी जायचं कबूल केलं. तो जाडा माणूस बायकोच्या आईशी बोलायला लागणार होता. ओतासीलियो पायरीवर बसला होता, डोकं हातात धरून. मग त्याने माझा झगा ओढला.

"नाइदे, मला हे आत्ता सांगायला हवं, नाहीतर कप जाईल आपल्या हातून." त्याचा रंग उडाला होता. "त्या दिवशी ते मी म्हटलं होतं."

"काय?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"जिंकलो. तू नाही. तू शेंगदाणे खात होतीस. बाबा वळले आणि मी घाबरलो. तुझ्याकडे बोट केलं."

मला माफ करावंसं वाटलं का? नाही. मला त्याला त्या पायऱ्यांवरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं. बारा वर्षांचं पोर घाबरतं, ठीक आहे. पण मग तेरा वर्षांचं झालं, वीस वर्षांचं झालं, बाप झालं, म्हातारं होत आलं, आणि आज दुपारी मला खिडकीची सीट मिळवून देत होतं. बाबा गेले तेव्हाही हा गप्प राहिला. माझा हात माझ्या केसांकडे गेला, जिथे बाबा हात फिरवायचे. आणि मग मी पाहिलं की आजूबाजूच्यांनी ऐकलं होतं. तो जाडा माणूस ओतासीलियोच्या बुटांकडे बघत होता. एक म्हातारा त्याच्यापासून अर्धं पाऊल सरकला, बेकरीतल्या बाईसारखा, नकळत. ओतासीलियोनेही ते पाहिलं. तो स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. "माझेच आहेत की काय," तो पुटपुटला, "मी जाऊ का बाहेर? तू म्हणशील तर जातो." खरंच गेला असता. माझ्या एका शब्दाने, बोगद्यातून, रिकाम्या रस्त्यावर, आणि उरलेलं आयुष्य दारामागे. शब्द माझ्या जिभेवर होता, त्याची चवसुद्धा मला आवडली.

"बस इथेच," मी म्हटलं. "कोणाचेही पाय थंड नसतात. सिमेंट थंड असतं."

दिवे लागले होते. पेनल्टी सुरू होताना आमच्या अख्ख्या रांगेने मैदानाकडे पाठ फिरवली. आमच्याकडे तशीच रीत आहे, बघवत नाही कोणाला. ल्युसिमारासुद्धा, इतकी धीट पोरगी, तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. ओतासीलियो कठड्याला कपाळ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तू बघ, आम्हाला सांगत राहा. सगळ्या पाठीच पाठी, आणि त्यांच्यामध्ये मी एकटी समोर तोंड करून. पाहुण्यांनी पहिली घातली. मी सांगितलं. आमच्यानेही घातली. मी सांगितलं, आणि त्या पाठींमधून एक सुस्कारा गेला. तिसरीला त्यांच्या दहा नंबरने वरच्या दांडीवर मारली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कोणी वळलं नाही, माझ्या तोंडून ऐकेपर्यंत. माझा आवाज थरथरत नव्हता. मला वाटलं होतं थरथरेल. त्यांची पाचवीही आत गेली आणि आमची शेवटची उरली. घातली तर कप आमचा.

आमचा डावा बॅक आला, सहा नंबर, किडकिडीत, एक मोजा घसरलेला. त्याने चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. धावला आणि शेवटच्या पावलाला घसरला. चेंडू धड बसला नाही. गोलकीपर आधीच डावीकडे झेपावला होता, चेंडू त्याच्या टाचेला लागून वर उडाला, त्याच्या मागे पडला, आणि रेषेच्या दिशेने लोळायला लागला. इतका हळू, की अख्खं स्टेडियम गप्प झालं, कारण ज्यांनी पाहिलं त्यांनाही कळत नव्हतं. गोलकीपर मातीत हात खुपसून मागे रांगत होता. मी चेंडूवरची शिवण पाहत होते, वर यायची, खाली जायची, वर यायची. मी काही मागितलं नाही. कोणाला काही कबूल केलं नाही. पाय जमिनीवर होते, डोळे उघडे होते, एवढंच. चेंडूने रेष ओलांडली. त्या एका श्वासात आमच्या साऱ्या रांगेत ते फक्त मला माहीत होतं, आणि मी तो श्वास सावकाश घेतला.

मग समोरचा स्टँड फुटला, मग सगळीकडूनच आवाज आला, पायाखालचं सिमेंट हादरलं, नदीकाठून बाण सुटले. ओतासीलियोने कठड्यावरून कपाळ उचललं नाही. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी माझा झगा धरलेला. "काय झालं?" तो ओरडत होता. "नाइदे, सांग ना, काय झालं?"

मी त्याची बोटं झग्यापासून सोडवली आणि त्याचे दोन्ही खांदे धरले.

"वळ," मी म्हटलं, "आणि स्वतः बघ."